कुमुदबाईंच्या हाताचं पिस्तूल

संपादकांनी गमतीचे किस्से मागितले आहेत. बंदुका दुरुस्त करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्याकडे गमतीचे किस्से असतात, हे खरं आहे. दोन सांगतो, आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो.

एका गावचे पाटील ठासणीची बंदूक घेऊन आले. लाकडी दस्ता तडकला होता. "रिकामी हाय, बेफिकीर ऱ्हावा," म्हणाले. आमच्या उस्तादांचा नियम होता की कुणी आईची शपथ घेतली तरी नळीत गज घालून बघायचं. गज घातला तर तो शेवटापर्यंत जाईचना, वीतभर आधीच अडला. आजोबांच्या काळातली बारूद आत तशीच ठासलेली होती. पाटील ती बंदूक रोज उशाशी घेऊन झोपत होते आणि नळीचं तोंड उशीकडे असायचं. त्यांना दुकानात पाणी पाजावं लागलं.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, बंदूक फुसकी झाली, रानडुकरं हसायलीत. नळीत कुंभारमाशीनं घर केलेलं. मी ते काढलं, तर आमच्यावरच चिडले. म्हणाले, एवढ्याशा मातीचे पैसे घेता?

झाल्या गमती.

मी परभणीत एका शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात अकरा वर्षं काम केलं. दुकान करीमसाहेबांचं. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात जहागीरदारांच्या बंदुका सांभाळल्या होत्या. उस्तादांना उर्दू सुंदर लिहिता यायचं, मराठी अजिबात नाही. मी उत्तम, पोखर्णीकडच्या एका मजुराचा मुलगा. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा वडिलांनी ठरवलं की पोरगा गावकीचं काही करणार नाही. मॅट्रिकनंतर मी सुतारकामाचा सरकारी वर्ग केला आणि दस्ते बनवायला म्हणून उस्तादांकडे लागलो. हळूहळू लोखंडाचं कामही शिकलो. दुकानातली सगळी मराठी लिखापढी माझ्याकडे होती. या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. आषाढात एक बाई दुकानात आल्या. अंगाने बारीक, तिशी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. हातात खाकी कापडात गुंडाळलेली पेटी. मुलींच्या शाळेत कवायत शिकवणाऱ्या कुमुदबाई. लग्न केलेलं नव्हतं. सिकंदराबादला फौजेत असलेल्या मामाकडे त्या लहानपणी राहिल्या आणि तिथे नेमबाजी शिकल्या. मामानं भाचीसाठी स्पर्धेचं पिस्तूल बाहेरून मागवलं. परवाने, शिक्के, सह्या यांत तीन वर्षं गेली, आणि पेटी पोहोचण्याआधी मामा वारला.

"पौषात पुण्याला निवड आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढं मला कुणी बोलवणार नाही. वय झालं. शाळेनं एकदाच रजा दिलीय. पिस्तूल माझ्या हाताचं करून द्या."

उस्तादांनी साबणानं हात धुतले, पुसले आणि मग पेटी उघडली. पॉइंट टू टू बोअरचं, पाच काडतुसांचं, मेणकागदात, ग्रीसनं माखलेलं. आजवर एकही गोळी न झाडलेलं. आमच्या दुकानात शिकारीच्या बंदुका यायच्या, शेताच्या राखणीच्या यायच्या. असं हत्यार आम्ही दोघंही पहिल्यांदाच पाहत होतो. उस्तादांनी ते हातात तोललं. मग म्हणाले, "इसकी मूठ किसी पहलवान के वास्ते बनी है. बाई का हात छोटा है. लकडी हात के माफिक होना, उत्तम. हात लकडी के माफिक नक्को."

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ हाताला इतकी नेमकी बसावी लागते की डोळे मिटून धरलं तरी नळी निशाणाकडेच जावी. त्यासाठी हाताचं माप हवं. तो काळ असा होता की मी, वस्तीतला पोरगा, कुमुदबाईंचा हात धरून पट्टीनं मोजतोय हे दारातून कुणी पाहिलं असतं तर त्यांच्या शाळेपर्यंत बातमी गेली असती. मी एका खुंटीवर चिकणमातीचा गोळा थापला आणि त्यांना म्हणालो, नेम धरता तसा धरा. त्यांनी धरला आणि डोळे मिटले. सोडला तेव्हा मातीत त्यांची चारही बोटं, तळहाताची उशी, अंगठ्याचा खळगा, सगळं उतरलं होतं. त्यावरून मी जुन्या पलंगाच्या शिसवी पायातून मूठ कोरली. आठ वेळा त्या आल्या, आठ वेळा मी तासली. नवव्यांदा त्यांनी हात सरळ केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून मला माझ्या हातांचा अभिमान वाटला. आजही वाटतो, नाही कशाला म्हणू.

मग चाप. बाहेरच्या वाचकाला थोडं समजावतो. पिस्तुलात मागे घोडा असतो, तो काडतुसावर आपटतो. घोडा मागे ओढला की एक बारीक दात त्याच्या खाचेत बसतो आणि त्याला अडवून धरतो. चाप ओढला की दात खाचेतून निसटतो. दात खाचेत खोल बसला तर चाप जड जातो, नेम हलतो. कमी बसला तर चाप हलका, नेम छान. फारच कमी बसला तर दात आपणहून निसटतो, बोटाची गरजच लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलात हे कमीजास्त करायला चापामागे एक बारीक स्क्रू असतो. नियम असा की किलोचं वजन चापाला अडकवून पिस्तूल उचललं तर घोडा पडता कामा नये. आम्ही शेजारच्या किराणा दुकानातून पितळी किलो आणला, तारेचा आकडा केला, आणि मी तो स्क्रू अगदी किलोच्या काठावर आणून ठेवला. बाईंना हलका हवा होता. उस्तादांनी पाहिलं, मान डोलावली.

नवं हत्यार नव्या वहाणेसारखं असतं, आधी चावतं. स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, जो मागे ओढला की घोडाही मागे जातो आणि सोडला की काडतूस नळीत जातं, तो अडतो; दात आणि खाच एकमेकांना घासून बसायचे असतात. त्याला आम्ही मोकळं करणं म्हणायचो. पहिल्या पन्नास गोळ्यांना मी आणि उस्ताद बाईंबरोबर पेडगावच्या वाटेवरच्या जुन्या मुरमाच्या खाणीत गेलो होतो. तिथे सरावाची परवानगी त्यांनी रीतसर काढली होती. दर दहा गोळ्यांनंतर मी नळी पुसत होतो. शेवटच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ लागल्या. निघताना मी बाईंना सांगितलं, "तीनशे काडतुसं झाली की परत आणा. वजन पुन्हा लावून बघावं लागतं."

ते वाक्य मी पुस्तकातून घेतलं होतं. पिस्तुलाबरोबर आलेल्या माहितीपत्रकात होतं, ते मी शब्दकोश लावून वाचलं होतं. ज्या देशात काडतुसं शेंगदाण्यासारखी मिळतात त्या देशात ते लिहिलेलं. आमच्याकडे पन्नासाची एक पेटी मिळवायला अर्ज आणि हैदराबादची फेरी. कुमुदबाई काडतुसं जपून वापरत होत्या आणि बाकीचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलावर करत होत्या. भिंतीवर काळा ठिपका, हात सरळ, चाप ओढायचा, पुन्हा घोडा मागे. आपल्याकडे सगळेच नेमबाज तसंच करत.

दिवाळी झाल्यावर त्या दुकानावरून जाताना थांबल्या. पिस्तूल बरोबर होतं.

"चाप काय सुंदर झालाय, उत्तमराव. नुसता विचार केला की सुटायलाय."

मी विचारलं, "काडतुसं किती झाली?"

"एकशे चाळीस. जपून चालवायलेय. पण घरी रोज सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर रिकामा ओढते."

"रिकामं ओढताना आत झाडलेल्या काडतुसाची पुंगळी ठेवता ना? नाहीतर पिन बिघडंल."

"ठेवते की."

"मग अजून वेळ आहे. तीनशे होऊ द्या."

किलोचं वजन फळीवर होतं. तार त्याला लावलेलीच होती. पाच मिनिटांचं काम. दात घासतो तो गोळीनं नाही, ओढण्यानं घासतो, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला मीच शिकवलं असतं. पण माझ्या डोक्यात आकडा काडतुसांचा होता. त्यांनी बारा हजार वेळा चाप ओढला होता आणि मी एकशे चाळीस मोजत बसलो. वर 'नुसता विचार केला की सुटतो' ही मला माझी तारीफ वाटली. गाढवपणा याहून वेगळा काय असतो?

त्यानंतर आठवड्यानं त्या खाणीत एकट्या होत्या. मॅगझिन घातली, स्लाइड मागे ओढून सोडली. स्लाइड सोडताना नळी थोडी वर नेण्याची त्यांना सवय होती, आणि ती चूक त्यांची होती, हे मी लपवत नाही. स्लाइड पुढे आपटली तशी गोळी सुटली. खाणीच्या कडेवरून गेली. पलीकडे कापसाची वेचणी चालली होती. सुभद्रा नावाची बाई ओटीत कापूस घेऊन वाकलेली उठत होती. गोळी तिच्या मानेत लागली. बैलगाडी रस्त्याला लागेपर्यंत ती गेली होती. कुमुदबाई गाडीबरोबर पळत आल्या, हातानं तिची मान दाबून. मीच नेमकी बसवलेली मूठ धरणारा तो हात.

पहिल्याच जबाबात त्यांनी सांगितलं, "माझं बोट चापावर नव्हतं."

तसं सगळेच सांगतात. म्हणून तपासणारे जमादार पिस्तूल सीलबंद घेऊन आमच्याकडे आले. असलं हत्यार जिल्ह्यात दुसऱ्या कुणी उघडलेलंच नव्हतं. बरोबर दोन पंच, एक हॉटेलवाला आणि एक कापडदुकानातला मुनीम. सील तोडलं. उस्तादांनी रिकामं असल्याची खात्री केली, स्लाइड मागे ओढली आणि सोडली.

टक्.

घोडा पडला होता. उस्तादांचं बोट चापाच्या जवळपासही नव्हतं. पंचांना तो आवाज स्लाइडचाच वाटला. जमादार पंचनाम्याचा कागद सरळ करत होते. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते सावकाश म्हणाले, "मूठ खोलके देखते. अंदर कचरा रहता."

मूठ काढली, फुंकर मारली, आणि बारीक पेचकसानं चापामागचा तो स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतला, म्हणजे दात पुन्हा खाचेत खोल बसला. सगळ्यांच्या समोर. लपवाछपवी काही नाही. पंचांपैकी एकानं तर बघायला मान पुढे केली होती. मूठ परत बसवली आणि दहा वेळा स्लाइड सोडली. घोडा जागेवर. किलो लावला, उचलला. घोडा जागेवर.

"लिख," उस्ताद मला म्हणाले.

मी लिहिलं. 'चापाचे वजन नियमाप्रमाणे आहे. बोटाने ओढल्याशिवाय घोडा पडत नाही.' अक्षर माझं चांगलं होतं. खाली उस्तादांची उर्दूत सही, पंचांच्या सह्या.

जमादार गेल्यावर उस्ताद चटईवर बसून राहिले. संध्याकाळी त्यांनीच विषय काढला. "पोलीस अॅक्शन के बाद से हर साल मेरा लायसन धागे पे लटकता, उत्तम. हर साल चार घंटे खडा रहता मैं उस दफ्तर में, नई मिला तो क्या करना सोचते सोचते. पाँच बेटियाँ हैं. हौ, तेरी गलती है, मगर दुकान मेरी है. तू नौजवान है, तेरेकू जेल होगी." थोड्या वेळानं म्हणाले, "वो बाई बडे घर की है. छूट जाएगी."

मला त्यांचं पटलं. खरं म्हणजे मला पटवून घ्यायचंच होतं. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते, आणि आमच्या घराण्यात हाताला हुन्नर असलेला मी पहिला माणूस होतो.

सुभद्रा आमच्याच समाजातली. दिवसकार्याला मी गेलो. न जाण्यासारखं नव्हतं आणि जाण्यासारखंही नव्हतं. तिचा नवरा रंगनाथ छपराला टेकून बसला होता. मला ओळखून जवळ बसवलं.

"दादा, तुमी बंदुकीच्या दुकानात हाव ना?"

"हो."

"मंग तुमाला ठावं असंल. ती मास्तरीण म्हणायलीय, बोट न्हवतं, आपोआप सुटली. आमची मान्सं म्हणत्यात, मोठ्याचं लेकरू हाय, बोलणारच. मला तिच्यावर राग धरायचा का न्हाई ते समजंना झालंय. लय रडली ती, गाडीत. खरं सांगा, तिनंच दाबलं का?"

मी म्हणालो, "दाबलंच असणार. त्याबिगर सुटत न्हाई."

रंगनाथनं मान हलवली. "बरं झालं सांगितलं," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मी तो चहा प्यायलो.

कोर्टात माझा कागद वाचला गेला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. कुमुदबाईंना विचारलं, बोट कुठे होतं. त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बोट नव्हतं, असं मला वाटतं." पहिल्या दिवशी त्या 'नव्हतं' म्हणाल्या होत्या. आता 'वाटतं' आलं. तो फरक त्या कोर्टात फक्त मला ऐकू आला असेल.

बडे घर की बाई सुटली नाही. पुढच्या तारखेला वकिलाच्या सल्ल्यानं गुन्हा कबूल केला. थोडी कैद झाली, दंड झाला, परवाना गेला, शाळेनं काढून टाकलं. पौषातली निवड तर कधीच होऊन गेली होती. त्या देवगाव फाट्याजवळच्या गावी भावाकडे राहायला गेल्या.

आमचं दुकान पुढे सहा वर्षं चाललं. उस्तादांनी त्यानंतर कुणाच्याही चापाला हात लावला नाही. गिऱ्हाइकाला सांगायचे, हैदराबाद ले जाव. ते गेल्यावर मीही ते काम सोडलं आणि दारं-खिडक्या करू लागलो. रंगनाथ उस्तादांच्याही आधी वारला. त्याला सांगायचं राहून गेलं, आणि राहून गेलं म्हणजे मी राहू दिलं.

उस्तादांच्या सगळ्या मुली आपापल्या घरी गेल्या. आता कुणाचं काही जाणार नाही अशी वेळ आली तेव्हा, म्हणजे घटनेनंतर तब्बल बावीस वर्षांनी, मी देवगाव फाट्याला उतरलो आणि विचारत विचारत कुमुदबाईंच्या भावाच्या घरी गेलो. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. केस सगळे पांढरे. मला पाहून म्हणाल्या, "उत्तमराव, या. किती वाळलात."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. बारा हजार, एकशे चाळीस, टक् झालेला आवाज, अर्धा फेरा, माझं अक्षर. रंगनाथला काय सांगितलं तेही. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून गेलो असतो. शेवटी म्हणालो, "बाई, तुमचं बोट चापावर नव्हतं. तुम्ही खरं बोलत होता."

त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग ताट बाजूला ठेवलं.

"नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "बोट होतं."

"बाई, घोडा आमच्यासमोर पडला. बोट न लावता."

"तुमचं पिस्तूल कसंही असंल. पण मला दिसायलंय ना. बावीस वर्षं रोज दिसायलंय. तुमचा कागद वाचला त्या दिवशी घरी येऊन मी हात समोर धरला आणि आठवत बसले. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग दिसलं. आता तर चापाचा गारवासुद्धा लागायलाय बोटाला." त्यांनी पहिलं बोट जरासं वाकवलं. "आता तुम्ही म्हणता नव्हतं. मग हे कुणाचं आहे?"

मी म्हणालो, मी हे लिहून काढीन, छापीन, लोकांना कळेल. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. जाताना मला दारापर्यंत पोहोचवायला आल्या.

"छापायचं तर छापा," म्हणाल्या. "पण बोट होतं असं लिहा. नाहीतर ती बाई कुणी मारली, हे मला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागंल. आता एवढं वय राहिलं नाही."

गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांचं तेवढं ऐकायला मला जमलेलं नाही. सुभद्राला मी मारलं. कुमुदबाईंचं बोट चापावर नव्हतं.